माफीनाम्यातून वगळलेले शिपाई

हूगोमाँट नावाचे जहाज जानेवारी १८६८ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातील फ्रीमँटल बंदराला लागले, तेव्हा त्यावर २८० कैदी होते. ब्रिटनमधून ऑस्ट्रेलियात हद्दपार केलेल्या कैद्यांचे हे अखेरचे जहाज. त्या २८० जणांत ६२ आयरिश फेनियन होते, म्हणजे आयर्लंडच्या स्वातंत्र्यासाठी गुप्त शपथ घेतलेले लोक. आणि त्या ६२ जणांपैकी १७ जण ब्रिटिश लष्करातले सैनिक होते. बाकीच्या ४५ जणांना मुलकी न्यायालयांनी शिक्षा दिली होती, या १७ जणांना कोर्टमार्शलने. कट एक, ध्येय एक, जहाजही एक. फरक एवढाच की एका गटाच्या अंगावर पकडले जाताना साधे कपडे होते आणि दुसऱ्याच्या अंगावर राणीचा गणवेश.

हा फरक किती मोठा आहे ते पुढच्या तीन वर्षांत कळले. आयर्लंडमध्ये माफीसाठी मोठी चळवळ उभी राहिली, सरकारवर दबाव आला आणि १८६९ मध्ये ऑस्ट्रेलियातील बहुसंख्य मुलकी फेनियनांना माफी मिळाली. उरलेल्यांना ती १८७१ मध्ये मिळाली. लष्करी फेनियन मात्र तिथेच राहिले. त्यांनी राणीशी इमान राखण्याची शपथ मोडली होती, त्यामुळे त्यांचा अपराध राजकीय नसून लष्करी ठरतो, असा युक्तिवाद होता. त्यांच्यातला जॉन बॉयल ओरायली हा दहाव्या हुसार रिसाल्याचा तरुण. होऊ घातलेल्या बंडाची माहिती असूनही ती वरिष्ठांना दिली नाही, हा त्याच्यावरचा आरोप. त्याला मृत्युदंड झाला आणि तो कमी करून अखेर वीस वर्षांच्या सक्तमजुरीवर आणला गेला. १८६९ मध्ये तो एका अमेरिकी जहाजातून निसटला आणि पुढे बॉस्टनमध्ये नामवंत संपादक झाला. मागे राहिलेल्यांपैकी सहा जणांना १८७६ च्या एप्रिलमध्ये कॅटाल्पा या अमेरिकी देवमासेमारी जहाजाने पळवून नेले. त्या जहाजासाठी पैसा अमेरिकेतल्या आयरिश लोकांनी वर्गणी करून जमवला होता. पाठलागावर आलेल्या ब्रिटिश आगबोटीला कॅटाल्पाच्या कप्तानाने आपल्या अमेरिकी निशाणाकडे बोट दाखवले आणि आगबोट परत फिरली. राज्याने जे दिले नाही ते वर्गणीने मिळवावे लागले.

साठ वर्षांनी हीच गोष्ट आपल्याकडे घडली, तीही गांधी-आयर्विन करारात. ५ मार्च १९३१ च्या त्या करारानुसार सविनय कायदेभंगातले हजारो अहिंसक कैदी सुटले. पण हुकूम मोडल्याबद्दल शिक्षा झालेले सैनिक आणि पोलीस या माफीच्या कक्षेत येणार नाहीत, असे त्यात स्पष्ट कलम होते. हे कलम कोणाला उद्देशून आहे याविषयी तेव्हा कोणाला शंका नव्हती. २३ एप्रिल १९३० रोजी पेशावरमध्ये रॉयल गढवाल रायफल्सच्या दुसऱ्या पलटणीतील जवानांनी नि:शस्त्र पठाणांच्या जमावावर गोळी झाडण्यास नकार दिला होता. त्यांच्यापैकी सतरा जणांचे कोर्टमार्शल झाले. हवालदार चंद्रसिंह गढवाली यांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि इतरांना तीन ते पंधरा वर्षांपर्यंतच्या शिक्षा झाल्या. ज्या जमावावर गोळी झाडायची होती त्या जमावातले जे कैदेत गेले, ते करारानंतर सुटू शकत होते. ज्यांनी गोळी झाडली नाही, ते सुटू शकत नव्हते. चंद्रसिंहांची प्रत्यक्ष रवानगी अंदमानात झाली नाही, पण १९४१ पर्यंत ते एका तुरुंगातून दुसऱ्या तुरुंगात फिरत राहिले.

माझे म्हणणे याच कलमाविषयी आहे. बंड करणारा नागरिक हा राजकीय कैदी आणि बंड करणारा सैनिक हा निव्वळ गुन्हेगार, ही वर्गवारी साम्राज्यांनी आपल्या सोयीसाठी केली; स्वतंत्र भारताने ती मोडायला हवी होती, पण आपण ती न बोलता चालू ठेवली. कोर्टमार्शलने काळ्या पाण्यावर वा दीर्घ कैदेत धाडलेल्या सैनिकांच्या वसाहतकाळातील शिक्षा संसदेने कायदा करून रद्दबातल ठरवाव्यात, असे मला वाटते. 'माफ कराव्यात' असे मी म्हणत नाही. त्याचे कारण पुढे येईल.

आधी कोर्टमार्शल म्हणजे काय ते पाहू. मेरठचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे, पण त्यातील न्यायालयाकडे क्वचितच कोणी लक्ष देते. २४ एप्रिल १८५७ रोजी कर्नल कार्मायकल स्मिथ याने तिसऱ्या रिसाल्यातील नव्वद निवडक स्वारांना कवायतीवर बोलावून काडतुसे घेण्यास सांगितले आणि पंच्याऐंशी जणांनी ती घेतली नाहीत. त्यांच्यावर जे कोर्टमार्शल बसले, त्यात पंधरा सदस्य होते आणि ते सारे हिंदी अधिकारी होते. चौदा विरुद्ध एक मताने त्यांनी सर्वांना दहा वर्षांची सक्तमजुरी दिली. त्यांच्याच जातीची, त्यांच्याच धर्माची, कदाचित त्यांच्याच गावाकडची ही माणसे. त्यांनी निकालासोबत दयेची शिफारसही केली, कारण या स्वारांची आजवरची वागणूक चांगली होती. जनरल ह्युएट याने ती धुडकावली आणि फक्त अकरा तरुण स्वारांची शिक्षा पाच वर्षांवर आणली. ९ मे रोजी सगळ्या छावणीसमोर त्यांच्या पायांत बेड्या ठोकण्यात आल्या. तासन्‌तास हे काम चालले होते. दुसऱ्या दिवशी काय झाले ते शाळेतल्या पुस्तकात आहे.

या न्यायालयात हिंदी माणसे होती म्हणून तो न्याय झाला, असे कोणी म्हणणार नाही. त्या चौदा जणांना शिक्षा दिली नाही तर पुढे आपले काय होईल हे माहीत होते. ज्याच्या हुकुमाविषयी वाद आहे, त्याच अधिकारी साखळीतली माणसे निवाड्याला बसलेली. निकालावर शेवटची मोहोर उठवणारा त्याच साखळीच्या वरच्या कडीवर बसलेला. आणि आरोपीला बाहेरचा वकील, बाहेरचे वृत्तपत्र, बाहेरचा पंच यांपैकी काहीही नाही. न्यायाधीश कोणत्या वंशाचे आहेत यापेक्षा त्यांची बढती कोणाच्या हातात आहे, हा प्रश्न इथे जास्त महत्त्वाचा ठरतो. आणि मेरठ तर त्यातल्या त्यात नियमाला धरून चाललेले. मे-जून १८५७ नंतर खास कायदे करून लष्करी न्यायालयांना आणि खास कमिशनांना इतके अधिकार मिळाले, की फाशी किंवा काळे पाणी यांपैकी कोणते नशिबी येते, हे पुष्कळदा त्या दिवशी कमिशनवर कोण बसले होते यावर ठरे.

झेलमच्या अशाच एका कमिशनने २७ सप्टेंबर १८५७ रोजी चौदाव्या बंगाल पायदळातील दूधनाथ तिवारी या शिपायाला बंड आणि पलायन या आरोपांवरून जन्मभराची काळ्या पाण्याची शिक्षा दिली. कराचीहून रोमन एम्पायर या जहाजाने तो ६ एप्रिल १८५८ रोजी अंदमानात पोहोचला आणि कैदी क्रमांक २७६ झाला. त्याच्या आधी महिनाभरच, १० मार्चला, सेमिरामिस या जहाजातून पहिले दोनशे कैदी तेथे उतरले होते. आग्रा तुरुंगाचा माजी अधीक्षक डॉक्टर जेम्स पॅटिसन वॉकर त्यांच्यासोबत आला होता. त्या बेटांवर तेव्हा तुरुंग नव्हता. भिंतीही नव्हत्या. जंगल तोडायचे, दलदल भरायची, आपल्या कोंडवाड्याची जागा आपणच तयार करायची. बरेच जण पळाले, कारण जंगलाच्या पलीकडे ब्रह्मदेश आहे आणि तिथला राजा आपल्याला चाकरीत घेईल अशी त्यांची समजूत होती. पलीकडे समुद्र होता. १८५८ च्या जूनच्या मध्यापर्यंतचा सरकारी हिशेब असा: आलेले कैदी ७७३, रुग्णालयात मेलेले ६४, पळाले आणि सापडले नाहीत असे १४०, पळताना पकडून फाशी दिलेले ८७, आत्महत्या १, उरलेले ४८१. तीन महिन्यांतला हा हिशेब आहे. फाशी दिलेल्यांपैकी बहुतेकांना एकाच दिवशी लटकावले गेले, आणि ते कलकत्त्याच्या सरकारलाही पचले नाही. त्याने वॉकरला पुढे तसे करण्यास मनाई केली. काळे पाणी हा देहान्ताला दिलेला दयाळू पर्याय होता, असे मानणाऱ्यांनी ही बेरीज-वजाबाकी एकदा करून पाहावी.

१ नोव्हेंबर १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्याने इंग्रजांच्या हत्येत भाग न घेतलेल्या आणि अजून शस्त्र धरून असलेल्या बंडवाल्यांना, ठरल्या मुदतीत घरी परतण्याच्या अटीवर, माफी देऊ केली. म्हणजे जो शिपाई त्या दिवशी तराईच्या रानात लपला होता, तो घरी जाऊ शकत होता. जो वर्षभर आधी पकडला जाऊन झटपट न्यायाने शिक्षा भोगू लागला होता, तो अंदमानातच राहिला. गुन्हा तोच, एकाला उशिरा पकडले जाण्याचा फायदा मिळाला. १८५७ च्या कैद्यांपैकी काही जण तर विसावे शतक उजाडले तेव्हाही त्या बेटांवर होते.

मराठी वाचकाला काळे पाणी हा शब्द परका नाही, पण त्याची आठवण एका विशिष्ट दिशेने जाते. वासुदेव बळवंत फडके एडनला गेले, लोकमान्य टिळक मंडालेला, सावरकर अंदमानला. फडके तर पुण्याच्या लष्करी हिशेब खात्यात कारकून होते; तरीही त्यांचा खटला सेशन्स न्यायालयात चालला. टिळकांना १९०८ मध्ये उच्च न्यायालयात ज्यूरीपुढे उभे केले गेले, नऊपैकी दोन पंचांनी त्यांना निर्दोष मानले, आणि निकालानंतर त्यांनी उच्चारलेली वाक्ये आज त्याच न्यायालयाच्या भिंतीवर कोरलेली आहेत. या तिघांवरही अन्याय झाला. पण त्यांचा खटला उघड्यावर झाला, त्याच्या बातम्या छापून आल्या, बचावाची भाषणे लोकांनी वाचली, आणि म्हणून त्यांची नावे राहिली. कोर्टमार्शलमध्ये उभ्या केलेल्या शिपायाला भाषण करायची सोय नसते. सेल्युलर जेलमधील संगमरवरी पाट्यांवर राजकीय कैद्यांची नावे प्रांतवार लावलेली आहेत, पण ते तुरुंगच १९०६ साली पूर्ण झाले. ज्यांनी त्याच्या अर्धशतक आधी ती बेटे माणसाला राहण्याजोगी केली, त्यांची जागा त्या पाट्यांवर नाही. यात जेलचा दोष नाही. आपण स्मरणाचा पत्ता एका इमारतीवर लिहून ठेवला, हा आपला दोष आहे.

सिंगापूरचे प्रकरण तर याहून विसरले गेले आहे, आणि ते अवघडही आहे. १५ फेब्रुवारी १९१५ रोजी तेथील पाचव्या लाइट इन्फन्ट्रीच्या शिपायांनी बंड केले. पलटण दुसऱ्या दिवशी हाँगकाँगला निघायची होती, पण आपल्याला तुर्कांविरुद्ध लढायला नेत आहेत अशी बोलवा उठली होती. पलटणीतले बहुतेक मुसलमान होते आणि तुर्कस्तानचा सुलतान त्यांचा खलिफा. बंड मोडल्यावर दोनशेहून अधिक शिपायांचे कोर्टमार्शल झाले. ४७ जणांना गोळ्या घालण्यात आल्या, त्यांतल्या पुष्कळांना आउट्रम तुरुंगाच्या भिंतीसमोर, हजारोंच्या जमावादेखत. ६४ जणांना जन्मभर काळ्या पाण्यावर पाठवले गेले आणि ७३ जणांना सात ते वीस वर्षांच्या शिक्षा झाल्या. आता अडचण अशी, की या बंडवाल्यांनी वाटेत दिसलेल्या निरपराध नागरिकांनाही मारले होते. त्यांचा हेतूही आपल्या आजच्या राष्ट्रवादाच्या साच्यात नीट बसत नाही. त्यांना 'स्वातंत्र्यसैनिक' म्हणून हार घालणे सोपे आहे, पण खरे नाही. आणि ते खरे नाही म्हणून त्यांचा विषयच काढायचा नाही, हा मार्ग तर त्याहून सोपा. या दोन्ही सोयींपासून दूर राहून विचार करायचा तर त्यांच्यापैकी प्रत्येकाविषयी एवढेच विचारावे लागेल: याला कशाबद्दल शिक्षा झाली, खुनाबद्दल की हुकूम मोडल्याबद्दल?

माझ्या म्हणण्याविरुद्धचा सर्वांत भक्कम मुद्दा शिस्तीचा आहे आणि तो मी हलका मानत नाही. सैनिकाच्या हातात बंदूक देऊन समाज त्याच्याकडून एक गोष्ट मागून घेतो: ती बंदूक कोणावर रोखायची हे तू ठरवणार नाहीस. हुकूम पाळायचा की नाही याचा निवाडा ज्या सैन्यात शिपाई करू लागतात, ते सैन्य उद्या निवडून आलेल्या सरकारविषयीही तसाच निवाडा करील. आपल्या शेजारच्या देशांत हे घडलेले आपण पाहिले आहे. म्हणूनच खुद्द गांधीजींनी चंद्रसिंहांच्या कृतीचे समर्थन केले नाही. एका फ्रेंच पत्रकाराशी बोलताना त्यांनी सांगितले, की गोळी झाडायला नकार देणारा सैनिक आपली शपथ मोडतो, आणि उद्या सत्ता आपल्या हाती आली तर याच सैनिकांचा आपल्यालाही उपयोग करावा लागेल, तेव्हा आज त्यांना अवज्ञा शिकवता येत नाही. अहिंसेच्या उपासकाने, अहिंसा करणाऱ्या शिपायाविषयी काढलेले हे उद्गार वाचून अनेकांना धक्का बसतो. मला त्यांच्या प्रामाणिकपणाचे कौतुक अधिक वाटते. भावी राज्यकर्त्याची अडचण त्यांनी लपवली नाही.

पण या युक्तिवादाची धाव कुठवर आहे ते पाहिले पाहिजे. शिस्तीची गरज ही त्या घटकेची गरज असते. कवायतीच्या मैदानावर बेड्या ठोकल्या जातात त्या समोर उभ्या असलेल्या इतर शिपायांसाठी. याचे एक कडवट उदाहरण सिडनीतले आहे. १८२६ मध्ये सत्तावन्नाव्या पलटणीतील जोसेफ सड्स आणि पॅट्रिक थॉम्प्सन या दोघा शिपायांनी एका दुकानातून उघड उघड कापड चोरले, कारण शिपायाच्या जिण्यापेक्षा कैद्याचे जिणे त्यांना बरे वाटत होते आणि पलटणीतून सुटायचा दुसरा मार्ग त्यांना दिसत नव्हता. मुलकी न्यायालयाने त्यांना सात वर्षांची हद्दपारी दिली. गव्हर्नर डार्लिंगला वाटले, की ही शिक्षा नसून बक्षीस ठरेल आणि सगळी पलटण चोऱ्या करू लागेल. त्याने स्वतःच्या अधिकारात ती बदलली, पलटणीसमोर त्यांचे गणवेश उतरवले, गळ्यात खिळ्यांचे लोखंडी पट्टे आणि पायांत साखळदंड घालून त्यांना हाकलून दिले. आजारी असलेला सड्स थोड्याच दिवसांत मेला. इथे शिक्षेचे माप गुन्ह्यावरून काढलेले नाही, बघणाऱ्यांवरून काढलेले आहे. शिस्तीसाठी दिलेली शिक्षा ही अशी असते. मग ज्या दिवशी ते बघणारे राहिले नाहीत, ती पलटण राहिली नाही, ते साम्राज्यही राहिले नाही, त्या दिवसानंतर ती शिक्षा नोंदीत कायम ठेवण्याचे समर्थन शिस्तीच्या नावाने कसे करता येईल? गांधीजींचे म्हणणे १९३१ पुरते खरे मानले, तरी ते आज आपल्याला बांधील ठेवत नाही.

शपथेविषयीही एक बोलले पाहिजे. आपल्याकडे शपथेपेक्षा मिठाची भाषा जुनी आहे. खाल्ल्या मिठाला जागावे, हे कुठल्याही पलटणीतल्या शिपायाला कोणी शिकवायला लागत नव्हते. कंपनीच्या फौजेने शंभर वर्षे याच संस्कारावर राज्य मिळवले. पण मिठाची भाषा दोन्ही बाजूंनी बांधते. मीठ देणाऱ्याने खाणाऱ्याचा धर्म, इज्जत आणि ठरलेला शब्द राखायचा असतो. मेरठच्या पंच्याऐंशी स्वारांचे म्हणणे, त्यांच्या बाजूने पाहिले तर, करार आधी समोरून मोडला गेला एवढेच होते. कोर्टमार्शलच्या प्रश्नपत्रिकेत हा प्रश्नच नव्हता. तिथे विचारायचे एकच होते: हुकूम दिला होता का, आणि तू तो पाळलास का?

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर ही वर्गवारी मोडता आली असती. आझाद हिंद सेनेच्या शाहनवाज खान, प्रेमकुमार सहगल आणि गुरबक्षसिंग धिल्लों यांच्यावर लाल किल्ल्यात कोर्टमार्शल चालले, मुंबईचे भुलाभाई देसाई त्यांच्या बचावाला उभे राहिले आणि या वेळी सारा देश निकालाकडे कान लावून होता. जानेवारी १९४६ मध्ये तिघांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा जाहीर झाली आणि सरसेनापती ऑकिन्लेक यांनी ती लगेच माफ केली. बडतर्फी मात्र कायम ठेवली. दीड महिन्यात, १८ फेब्रुवारीला, मुंबईच्या 'तलवार' या नाविक तळावरील खलाशांनी संप पुकारला आणि तो साऱ्या आरमारात पसरला. शहरातले गिरणी कामगार त्यांच्या पाठीशी रस्त्यावर उतरले, गोळीबारात माणसे मेली, आणि अखेर सरदार पटेलांच्या सल्ल्याने खलाशांनी शरणागती पत्करली. त्यांना नोकरीतून काढले गेले. स्वातंत्र्यानंतर आझाद हिंद सेनेच्या सैनिकांना भारतीय सेनेत परत घेतले नाही, आणि या खलाशांनाही आरमारात परत जागा मिळाली नाही. पुढे निवृत्तिवेतन आले, कुलाब्याला खलाशांचे स्मारक झाले, १९९४ मध्ये चंद्रसिंहांच्या नावाचे टपाल तिकीट निघाले. हा सन्मान खोटा होता असे मी म्हणत नाही. पण तिकिटावर ज्याचे चित्र छापले, त्याच्या नावावरची शिक्षा कायद्याच्या दृष्टीने जशीच्या तशी उभी राहिली. सत्कार करायचा आणि निकालपत्राला हात लावायचा नाही, ही आपली रीत होऊन बसली आहे.

याबाबतीत ब्रिटनने जे केले ते पाहण्यासारखे आहे, त्यातल्या उणिवांसकट. त्याआधी न्यूझीलंडने २००० साली खास कायदा करून पहिल्या महायुद्धात गोळ्या घातलेल्या आपल्या पाच सैनिकांना माफी दिली होती. ब्रिटनच्या २००६ च्या सशस्त्र सेना कायद्यातील कलम ३५९ ने ४ ऑगस्ट १९१४ ते ११ नोव्हेंबर १९१८ या काळात पलायन, भित्रेपणा, बंड अशा गुन्ह्यांसाठी देहान्त शिक्षा दिलेल्या तीनशेहून अधिक सैनिकांना एकगठ्ठा माफी दिली, आणि १९११ च्या भारतीय लष्कर कायद्याखालील काही गुन्हेही त्यात धरले. खून वगळला, ते बरोबरच केले. पण याच कलमात पुढे म्हटले आहे, की या माफीने मूळ दोषसिद्धी किंवा शिक्षा यांवर काही परिणाम होणार नाही. म्हणजे निकाल बरोबरच होता, फक्त आता आम्ही तो मनावर घेत नाही. आणि दुसरे असे, की ही माफी फक्त ज्यांना मारले त्यांनाच आहे. सिंगापूरच्या त्या ६४ जणांना ती लागूच होत नाही, कारण ते जगले. जो भिंतीसमोर उभा राहिला त्याची माफी झाली, आणि त्याच रांगेतल्या, त्याच गुन्ह्याच्या, पण बेटावर कुजायला पाठवलेल्या शिपायाची कोणी आठवणही काढली नाही.

मी 'माफी' हा शब्द टाळतो तो यासाठी. माफीत अपराध गृहीत असतो आणि माफ करणाऱ्याचा मोठेपणाही. पेशावरला गोळी न झाडणाऱ्या हवालदाराने आपल्याकडे माफी मागावी असे काय केले? भारतीय संसदेला वसाहतकाळातील लष्करी न्यायालयांचे हुकूममोडीचे, पलायनाचे, बंडात सामील झाल्याचे वा त्याची खबर न दिल्याचे निकाल रद्दबातल ठरवता येतील. ज्यांत खून वा नागरिकांवरील अत्याचार सिद्ध झाला ते निकाल वगळता येतील. यातून कोणाला जमीन, पगार किंवा भरपाई द्यावी लागणार नाही, तसे कायद्यात लिहिता येईल. कोणाला हुतात्मा घोषित करायचीही गरज नाही. रद्दबातल ठरवणे म्हणजे गौरव नव्हे. ज्या न्यायालयाला स्वतंत्रपणे न्याय करण्याची मुभा नव्हती, त्याच्या निकालाला आम्ही निकाल मानत नाही, एवढेच त्यात म्हणायचे आहे.

आजच्या सेनेच्या शिस्तीला यामुळे धक्का बसेल, अशी भीती मला खरी वाटत नाही. उलट हा विषय काढायला आपण कचरतो, त्याचे कारण आजच्या कायद्यात दडलेले असावे अशी शंका येते. १९५० चा आपला सैन्य कायदा १९११ च्या कायद्याच्या पायावर उभा आहे. त्याच्या मूळ शिक्षांच्या यादीत काळे पाणी सुद्धा होते, आणि १९५५ च्या दुरुस्तीने देशभर त्या शब्दाचा अर्थ जन्मठेप असा करावा लागला. समरी कोर्टमार्शल, म्हणजे कमांडिंग अधिकारी एकटाच न्यायालय होऊन जवानाला एक वर्षापर्यंत तुरुंगात पाठवू शकतो ती पद्धत, आजही आहे. १९८७ साली सर्वोच्च न्यायालयासमोर रणजित ठाकूर या जवानाचा खटला आला. वरिष्ठाविरुद्ध तक्रार केल्याबद्दल तो आधीच शिक्षा भोगत होता. त्या अवस्थेत हुकूम होऊनही जेवण घेतले नाही म्हणून त्याला एक वर्षाची सक्तमजुरी आणि बडतर्फी झाली, आणि ज्याच्याविरुद्ध त्याची तक्रार होती तो अधिकारीच निवाड्याला बसला होता. न्यायालयाने ती शिक्षा पक्षपात आणि अतिरेक या दोन्ही कारणांनी रद्द केली. त्याआधी पाच वर्षे, १९८२ मध्ये, याच न्यायालयाने कोर्टमार्शलवर अपील नसल्याबद्दल खेद व्यक्त केला होता. अपिलाची सोय असलेले सशस्त्र सेना न्यायाधिकरण यायला २००९ साल उजाडले. हे न्यायाधिकरण आल्यावर सैन्याची शिस्त बिघडली, असे मी तरी कुठे वाचलेले नाही.

राहता राहिली अडचण नावांची. जुन्या नोंदींत शिपायांची नावे कारकुनांनी जशी ऐकली तशी लिहिली आहेत, अनेकांचा फक्त क्रमांक आहे, गावाचा पत्ता नाही. यादी होईपर्यंत थांबा, असे कोणी म्हणेल. पण ब्रिटिश कलमात एकही नाव नाही. गुन्हा, काळ आणि कायदा सांगून त्यांनी माणसे त्यात बसवली, आणि आपल्यालाही तसेच करता येईल. ज्यांची नावे आपल्याला माहीत आहेत, त्यात क्रमांक २७६ आहे. बेटावर आल्यानंतर सतराच दिवसांनी दूधनाथ तिवारी पळाला, वर्षभर अंदमानी आदिवासींमध्ये राहिला, त्यांच्यात त्याने लग्न केले, आणि १८५९ च्या मे महिन्यात ते अंदमानातल्याच ॲबरडीन या इंग्रज वसाहतीवर हल्ला करणार आहेत हे कळताच तो परत आला आणि त्याने इंग्रजांना खबर दिली. आदिवासी पराभूत झाले. पुढच्या वर्षी सरकारने त्याची शिक्षा माफ केली. झेलमच्या कमिशनने आपल्याला दिलेली शिक्षा चुकीची होती, हे त्याला कोणी सांगितले नाही.